काखेतली शिवण

आमच्या आळीत सरकारी कागद आला
की तो आधी माझ्या मशीनवर येतो.
सातवीपर्यंत कन्नड शाळेत होतो, एवढंच भांडवल.
बाकी धंदा शिंप्याचा, खानापुरात,
बसस्टँडच्या मागं, उतरतीला.

या खेपेला कागद पिवळे होते.
दुपारपर्यंत अकरा जमले,
वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कात्रीखाली दाबले.

बाळव्वा हुंदरे सगळ्यात आधी आली.
वाच बघू, काय मेलं लिवलंय.
मी वाचलं : आस्ती तेरिगे.
ती दचकली. अस्थी?
ह्यांच्या अस्थी मलप्रभेत सोडल्या की रे,
आठ वर्षं झाली, आता त्याचं काय मागतात?
तसं नव्हे काकी, आस्ती म्हणजे इस्टेट.
तुझ्या दोन खोल्या, आणि पुढची पडवी,
जी मोजायला तो पोरगा टेप घेऊन आलेला
आणि तू त्याला ताक दिलंस.
ती म्हणाली, मग ताकासकट मोजली म्हण की.

चारशे ऐंशीचे सहाशे बहात्तर.

पुढं अर्थ सांगावा लागला नाही.
बाकीला कन्नडात बाकीच म्हणतात,
दंडाला दंड.
आमच्या पाट्यांवर दोन भाषा जन्मभर भांडताहेत,
खरं या दोन शब्दांवरनं
त्यांचं कधी वाजलेलं ऐकलं नाही.

संध्याकाळी मेंबर आले, भरमाणी घाडी,
चपला न काढता उंबऱ्यावर बसले.
मी विरोध केला, म्हणाले.
एकटा उभा राहिलो. खरं ऐकतंय कोण?
मराठी माणसाच्याच मानेवर सुरी.
आळीनं मान हलवली. बाळव्वानंही हलवली.
मीही हलवली असणार,
तोंडात टाचण्या होत्या.

सकाळी त्यांच्या पोरानं शर्ट आणून टाकला.
पांढरा, गणपतीला मीच शिवलेला.
उजव्या काखेत उसवला होता, चार बोटं.

आता बघा, कापड खोटं बोलत नाही.
नमस्कार करून काख उसवत नाही,
खिशात हात घालूनही नाही.
हात सरळ वर जावा लागतो, कानाला लागून,
आणि मोजणारा मोजेपर्यंत तिथंच राहावा लागतो.
एक नोव्हेंबरला मूठ वर करतात ते, मान्य,
पण तो काळा शर्ट वेगळा,
तो मी ढगळच बेततो, घोषणांच्या मापानं.
मीटिंगचा शर्ट अंगाबरोबर.

दुपारी अडवेप्पा तोरगलांचा भाचा आला.
ते पलीकडच्या वॉर्डाचे, पलीकडच्या झेंड्याचे.
मामाचा शर्ट. स्वल्प अर्जंट.
पांढराच.
उजवी काख.

मग मी कात्रीखालचा कागद काढून
तळाची बारीक ओळ वाचली,
जी काल घाईत कुणाला वाचून दाखवली नव्हती :
सर्वानुमतदिंद.

दोन्ही शर्टांना एकच रीळ लावलं, चाळीस नंबरचं,
आतून डबल टीप मारली.
पुन्हा उसवू नये म्हणून नव्हे,
सवय आहे हाताला.

घाडी न्यायला आले तेव्हा म्हटलं, बेचाळीस.
बेचाळीस? तीस होते की.
होते. ठराव झाला रात्री.
कोणाचा?
माझा आणि मशीनचा. विरोधात कुणी नव्हतं.

ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत.
पन्नासची नोट ठेवली, आठ परत घेतले, मोजून,
आणि शर्ट उलटा करून
काख उजेडाकडं धरून बघत राहिले
बराच वेळ.

बाळव्वाचा कागद अजून खणात आहे,
बॉबिनच्या डबीशेजारी.
शेवटची तारीख मंगळवार.
काल तिनं विचारलं,
पडवी पाडली तर किती कमी होतील रे?
मी गळ्यातली टेप काढली,
आणि उगाच तिच्या ब्लाउजची बाही मोजली.