करोडगिरीचा पट्टा

हिंगोलीच्या बाजारात मिळाला हा तेविसावा.
भंगारवाला म्हणाला, शंभर वर्षांचा माल आहे, साहेब.
मी वास घेतला:
एरंडेल, बुरशी, आणि खाली कुठंतरी
अजून जनावर.

घरी पिस्तुलाच्या खोळी आहेत सात,
एकीतही पिस्तूल नाही.
बायको पाहुण्यांना सांगते, ह्यांना रिकामं फार आवडतं.
मी मेण चोळत बसतो. चामडं तेल मागत नाही,
हात मागतं.

ह्या पट्ट्याला काडतुसांची घरं पंचवीस.
एकवीस घरांत पितळेचा हिरवा कळंक.
शेवटची चार सैल, तपकिरी, कळंकाशिवाय.
ह्याचा अर्थ कुठल्याच पुस्तकात सापडेना.

म्हणून सेनगावच्या पुढं गेलो, विचारत विचारत.
मोहरमबी काठी टेकत बाहेर आली.
पट्टा पालथा केला,
खिळ्यानं पाडलेल्या भोकात करंगळी घातली.
"अब्बा नाक्यावर होते. सरहद्द तिथं, त्या बाभळीपाशी.
सरकार गोळ्या एकवीसच द्यायचं.
उरलेल्यात बिड्या."
हसली. बराच वेळ करंगळी काढली नाही.
"हे भोक मी पाडलं. दगडानं ठोकून.
शेवटी शेवटी फार वाळले ते,
पट्टा घसरायचा."

मी म्हटलं, ठेवून घ्या.
"कशाला? इथं उंदरं कुरतडतील."

रात्री वहीत नोंद केली.
लांबी एकेचाळीस इंच. बक्कल पितळी. शिक्का पुसट.
भोकं सात,
त्यांतली सहा कारखान्याची.