गोयी

सावद्यात बसस्टँडसमोर माझं मेडिकल,
केळीचे ट्रक वळतात त्या कोपऱ्यावर.
दर चार तारखेला काउंटरच्या काचेवर
देवकाबाई भंगाळेचे हात टेकतात.
पेरांवर काळे डाग, केळीच्या चिकाचे,
कुठल्याच साबणाला दाद न देणारे.

"दे रे बापू, ती पांढरी गोयी."

तिच्या तोंडात ळ नाही, ण नाही.
केळीची केयी, डोळ्याचा डोया, पाण्याचं पानी.
पट्टी ती कागदात गुंडाळून घेते,
कागद पिशवीच्या तळाशी,
वर शेवग्याचा पाला.
कारण गल्लीला तीच दवाखाना:
खोकल्याला अडुळसा,
पोराच्या फुगलेल्या पोटाला ओवा,
तापातून उठलेल्याला कळण्याची भाकरी
आणि वर कच्च्या तेलाची धार,
मुतखड्याला केळीचा गाभा.
अशा बाईला बीपी आहे, हे
तिला ठाऊक, मला ठाऊक. तिसऱ्याला नाही.
एकदा म्हटलं होतं, मीठ कमी करा.
तिने सुटे पैसे दोनदा मोजले नि गेली.

मागच्या मेमध्ये, पारा सेहेचाळीसवर,
खडा मलाच निघाला. सहा मिलिमीटर.
शेल्फवरच्या साऱ्या बाटल्या तोंडपाठ असलेला मी
खोक्यांमध्ये गुडघे पोटाशी घेऊन पडलेला.
रात्री शटर अर्धं ओढलं, तर
शटरखालून आधी तांब्या आला, मग ती.

"घड कापला का मानसं खोड फेकतात.
सोपटं सोलत जा, आत गाभा. किसला,
जुन्या लुगड्यातून पियला.
घे. कोनाले सांगू नको, मी बी नाही सांगनार."

पिळणं आणि पिणं
तिच्याकडे एकच क्रियापद.
मी प्यायलो. तुरट.
पाट फुटल्यावर बागेत येतो तसा वास,
जिभेवर एक धागा राहिला, तो गिळला.
भुसावळच्या डॉक्टरची गोळीही चालू होतीच.
बाराव्या दिवशी, पहाटे साडेचारला,
टमरेलात टिक्कन वाजलं.

डॉक्टर म्हणाले, गोळीने.
मी देवकाबाईला विचारलं, गाभ्याने ना?
ती हसली नाही.
"पान्यानं. दिवसभर त्या थंड्या दुकानात बसतो,
घोटभर पीत नाहीस.
तांब्या काय, निमित्त."

यंदा फाल्गुनातली चार तारीख गेली,
ती आली नाही. पाच गेली.
सहाला मी पट्टी कागदात गुंडाळली,
कागद पिशवीत, आणि तिच्याच कुंपणातला
शेवग्याचा पाला ओरबाडून वर टाकला.
कोणी विचारलंच तर, भाजी.

ती धाब्यावर होती. तीन दिवस भिजलेली ज्वारी
कांडून, शिजवून, ओल्या धोतरावर
बिबड्या थापत होती. वाकली की
एक हात कठड्याला धरत होती, मी पाहिलं.
पिशवीत डोकावली.
"पाला जून हाये," म्हणाली.
पट्टी चोळीत गेली, पाला बकरीला.

मग केळीच्या पानाच्या तुकड्यावर
बिबड्यांचा गरम घाटा, तीळ, लसूण,
मध्ये खळगा करून तेल.
"खाय. पोयते बोट, फुकून घे."

मी फुंकलं, खाल्लं.
खाली ट्रक वळत होते.
ती माझ्याकडे न बघता पुढची बिबडी थापत होती.
घाट्यात मीठ
निम्मं होतं.