मागणीपत्र

पंचवीस डिसेंबरला प्रमोदिनी साठ पूर्ण करते.
पार्टी द्यायची, असं मी दिवाळीतच ठरवलं
आणि जुन्या सवयीनं पाठकोरा कागद आखला:
अनुक्रमांक, बाब, नग, शेरा.
खुर्च्या, चाळीस नग.
सतरंज्या, सहा.
शेरा: थंडी.

बत्तीस वर्षं काढली मी बांधकाम खात्यात.
डिसेंबर म्हणजे हिवाळी अधिवेशन.
अख्खी मुंबई बॅगा घेऊन नागपुरात उतरायची
आणि थंडीची तक्रार माझ्याकडे करायची,
जणू तीही आमच्याच खात्यानं पुरवलेली.
गिझर, बादल्या, मच्छरदाण्या,
कोणाला पूर्वेची खोली, कोणाला बिनसाखरेचा चहा,
कोणाच्या पीएला कोणाच्या पीएचा शेजार नको,
सगळं पाठ.
अधिवेशन उठलं की ब्लँकेटं मोजायची.
दर वर्षी अकरा-बारा कमी भरायची.
पंचवीस तारखेला मी हमखास
कुठल्यातरी गोदामात ब्लँकेटं मोजत असायचो.

यंदा हॉल शोधायला निघालो.
धरमपेठेत म्हणाले, लग्न आहे काका.
सदरला म्हणाले, नाताळ आहे न काका.
वर्धा रोडचा लॉनवाला म्हणाला, एकतीसचं बोला.
केकवाल्यानं आयताच दाखवला,
वर लाल टोपीचा म्हातारा;
"मॅडमचं नाव टाकून देतो खाली, बारीक अक्षरात."
खापरीचा रोडगेवाला भोजराज तेवढा हो म्हणाला.
"गोवऱ्या माह्या, वांगे तुमचे.
मानसं किती, ते सांगा."

माणसं किती.
रात्री रकाना भरायला बसलो.
माझ्याकडचे एकोणीस झाले, सरसर.
तिच्याकडचा तिचा भाऊ, वहिनी,
मग पेन थांबलं.
शाळेत शिकवायची; सोबत कोण कोण होतं?
दुपारी फोनवर हसते, ते कोणाशी?
केक तरी कोणता आवडतो?

शेवटी गुपचूप शेजारी गेलो, एस्तेर साळवेंकडे.
पडवीत कागदाचा तारा अर्धा चिकटवलेला,
आत कढई चढलेली.
म्हटलं, वहिनी, तुमचं नाताळचं ताट
दर पंचवीसला येतं, मेणबत्तीसकट,
तर यंदा आमच्या कार्यक्रमाला तुम्हीच जरा

त्यांनी झारा तसाच धरला, तेल ठिबकत राहिलं.
"भाऊ, नाताळचं ताट आम्ही चोवीसच्या रात्रीच पोचवतो.
पंचवीसचं तिच्या वाढदिवसाचं असते.
नाहीतर करंजीत मेणबत्ती कायले खोचली असती मी?"

तेवीस वर्षं.
त्या करंज्या मी खाल्ल्यात,
गोदामातून येऊन, उभ्या उभ्या, बूट न काढता.
एकीच्या मधोमध काळं भोक असायचं.
मला वाटायचं, जळाली.

घरी आलो. कागद टेबलावरच राहिलेला.
म्हणजे गुपित संपलं.
चाळीस खोडून तिनं चौदा केले होते.
हॉल खोडून गच्ची.
पंचवीस खोडून सव्वीस,
शेरा: एस्तेर मोकळी असते.
केक: टोपीवाला नको. संत्र्याचा मिळाला तर बघा.
खाली तिच्या गोल अक्षरात नावं,
शकुंतला देवतळे, फरहाना मॅडम,
मोरभवनच्या बसमधली उज्ज्वला,
कोणी एक "चिंगी" (आडनाव नाही).
चौदांपैकी पाच मी ओळखतो.

माझं नाव शोधलं.
पाहुण्यांत नव्हतं.
सापडलं मागच्या बाजूला, व्यवस्थेत:
गोवऱ्या, पाणी, शेकोटी, हे पाहतील.
त्याखाली शेवटची ओळ,
ब्लँकेटं, चौदा नग.
शेरा: परत मोजू नयेत.