समुद्रसपाटीपासून

परभणी स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर
गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत
उंची लिहिलेली असते, समुद्रसपाटीपासून.
पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं
मी हेच लिहीत आलो:
डाव्या कालव्याची उंची, चाऱ्यांची, विहिरींच्या कठड्यांची,
एकदा तर साहेबांच्या बंगल्याच्या ओट्याचीसुद्धा.
ज्याच्यापासून सगळं मोजलं
त्याला काही भेटलो नाही.

आता माझा उजवा गुडघा आणि मथुरेचा डावा
मिळून एक धड माणूस होतो.
मटकीला मोड आले का ते बघता बघता ती म्हणाली,
"जाऊन येऊ. पुढं उचलून न्यावं लागंल."

म्हणून गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर
दिवेआगर, तीन रात्री, माणसं पाच.

शेषेराव पंचाहत्तरीच्या पुढचे, त्यांना एसटी फुकट,
पण एसटीची पहिली पायरी कुणालाच फुकट चढता येत नाही.
म्हणून रेल्वे. पनवेलपर्यंत रात्र,
पुढं जीप, दर दीड तासाला थांबणारी.
हे थांबे मी पेन्सिलीनं आखले,
कारण नूर अली कंपाउंडरच्या पाण्याच्या गोळीचा
कुणी भरवसा द्यावा?
जैतूनबी आधी नकोच म्हणत होती:
"समंदर कू जाके क्या करना, नमक तो घर में है."
आता तिनंच दोन डझन दशम्यांचं पीठ दळून आणलंय.

खोलीवाल्या बाईंना फोन लावला.
संडास कमोडचा आहे का? आहे.
खोली तळमजल्याला? हो, पण तीन पायऱ्या आहेत.
किती इंचाच्या?
त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, मोजून सांगते.
संध्याकाळी त्यांचाच फोन आला:
साडेसहा, साडेसहा, आणि शेवटची नऊ.
"तिथं मी एक चिरा टाकून ठेवते, आजोबा."
न पाहिलेल्या त्या बाईबद्दल
मला एकाएकी फार बरं वाटलं.

पाणी खुर्चीपासून किती लांब?
भरतीला जवळ, ओहोटीला पार तिकडं.
आणि भरतीची वेळ रोज पाऊणेक तासानं पुढं सरकते.
मग मी जुना छापील तक्ता काढला,
वर गावांची नावं, खाली तास,
आणि पंचांग उघडून तिथी लावत बसलो.
मथुरा चहा घेऊन आली.
"काय करायलात?"
पाणीपाळी लावतोय, म्हटलं.
आजवर शेवटच्या चारीपर्यंत लोकांच्या लावल्या,
शिव्याही खाल्ल्या. ही आपली.

पुण्याहून पोराचा फोन:
"बाबा, कशाला दगदग, व्हिडिओवर दाखवतो ना समुद्र."
मथुरेनं फोन घेतला आणि त्याला
भेंडीचा भाव विचारला.

शेषेराव महिनाभर काहीच बोलले नव्हते.
परवा म्हणाले, माझा वीस लिटरचा जार सोबत घ्या.
"एवढ्या पाण्याकडं जायलाव, अन् पाणी घेऊन?"
"आपल्याला सवय हाय बाबा.
दुसऱ्याच्या पाण्याचं काय सांगावं."
कुणी हसलं नाही. जार यादीत लिहिला.

यादीच्या तळाशी, कुणाला न दाखवता,
मी एक रकाना आखलाय: मुक्कामाची उंची.
त्यात शून्य घातलं, मग खोडलं.
तिथं गेल्यावरच लिहीन,
ओल्या वाळूत काठी सरळ उभी धरून,
जशी खलाशी धरायचा पट्टी,
आणि मथुरेला विचारीन, बघ गं,
पाणी कोणत्या खुणेला लागलं?
ती म्हणेल, हलतंय, कसं सांगू.

तूर्त अडचण वेगळीच आहे.
खालचे बर्थ पाचांत तीनच मिळालेत.
मधल्यावर कोण, यावर नूर अली आणि शेषेराव
कालपासून भांडतायत,
आणि दोघंही म्हणतात, मी चढतो.