ओलं की सुकं

डॉक्टर ओतिलियांनी माझी करवत मागितली
तेव्हा मी घळीत सातवं खोपट उभारत होतो.
पेटी नदीत गेली, म्हणाल्या.
पेटीबरोबर खेचर, खेचराबरोबर ते हाकणारा.
उरलंय ते एवढंच: दोन चिमटे, एक सुरी,
आणि कात्री, तिचंही एक पातं बोथट.

मी करवत मांडीवर पुसली. सवयीनं विचारलं,
ओलं की सुकं?
ओल्या लाकडासाठी दाते फाकवावे लागतात,
नाहीतर पात्याची मध्येच दातखीळ बसते.
त्या जरा वेळ गप्प राहिल्या.
मग म्हणाल्या, जिवंत.

रात्रभर कानस चालवली.
लाकडाच्या मापाचा एकेक दात
कशाच्या मापाचा करतोय ते न बघता.
पहाटे सूपच्या पातेल्यात करवत उकळली.
त्या दिवशी सूप झालं नाही,
कुणी विचारलंही नाही.

फ्लोर्यानला डोळे बांधून आणलं होतं.
सगळ्यांनाच तसं आणायचे,
ओढ्याच्या पाण्यातून, बर्फावर माग नको म्हणून;
आणि उद्या जर्मनांच्या हाती लागलाच कुणी
तर त्याच्या जिभेवर आमची जागा नको.
एकोणीस वर्षांचा. सुरुंगानं डावा पाय गुडघ्याखाली फाडलेला,
पाच दिवस गवताच्या माचाखाली लपवलेला.
वास त्याच्याआधी दारातून आत आला.

ईथर तळाशी होतं. घोटभर प्लमची दारू.
टाक्यांसाठी पॅराशूटचं रेशीम उसवून ठेवलेलं.
कंदील माझ्या हाती दिला,
सुताराचा हात हलत नाही अशी त्यांची समजूत.

लाकूड कापताना मी कानानं कापतो.
गाठ आली की आवाज बदलतो.
इथला आवाज मी सांगणार नाही.
एवढंच सांगतो, की डॉक्टर करवत दाबत होत्या
पहिल्या वर्षाच्या पोरासारखी.
दाबू नका, मी पुटपुटलो,
लांब घ्या, तिचं वजन तिला पुरतं.
त्यांनी वर न बघता ऐकलं.
कंदील हलला असेल, मला ठाऊक नाही.

पाय मी पुरला. बीचच्या मुळाशी.
जमीन इतकी गोठलेली, की कुदळीखाली ठिणग्या उडाल्या,
आणि मला भीती, वरून कुणाला दिसतील.

एप्रिलात त्याला दुसरा करून दिला,
लिंडनचा. हलका, कोरायला लोणी.
करवत तीच. दुसरी होती कुठे?
निघताना पुन्हा डोळे बांधायचे, तेही मीच बांधले.
गाठ सैल आहे, तो म्हणाला.
मी आवळली.

डॉक्टर ओतिलिया युद्ध संपायच्या आठवडाभर आधी
तापानं गेल्या. त्या हिवाळ्यातला शेवटचा चिमटा
त्यांच्या एप्रनच्या खिशात सापडला.

सात वर्षांनी घळीच्या तोंडाशी एकानं डोळे मिटून घेतले
आणि पाण्याच्या आवाजामागून काठी टेकत वर आला.
मी छपरावर होतो; खोपटं अजून मीच डागडुजतो.
पहिला पूल. दुसरा. इथे ओढा कड्याखाली जाऊन घुमतो,
तिथं तो नेमका वळला,
आणि माझ्या शिडीपाशी येऊन डोळे उघडले.
म्हणाला, हे एवढं लहान होतं?

मला वाटलं, पुरलेलं बघायला आलाय.
कुदळ नाही घेतली, पण बीचकडे चालू लागलो.
ते राहू दे, म्हणाला. हा बघ.
अर्ध्या बोटानं आखूड आहे तुझा पाय.
सात वर्षं कंबर धरलीय.

खोटं नव्हतं. माप मी घेतलं होतं
तो आडवा असताना, दोरीनं, अंधारात.
आत नेला. करवत खुंटीला होती.
हीच का, असं त्यानं विचारलं नाही.
मी दाराच्या चौकटीशी त्याला उभा केला,
कानामागची पेन्सिल काढली, म्हटलं,
सरळ राहा. श्वास घे.
रोखून धरलास की माणूस उंच भरतो.