टपावर

अकरा फूट, अडतीस किलो.
अडतीस हे तांबोळींनी भोसरीत काट्यावर घालून दिलं होतं,
पावतीच्या मागं, पेन्सिलीनं.
ॲल्युमिनियमला गंज चढत नाही, हे खरंय.
वजन मात्र चढतं,
दर पावसाळ्याला किलोभर,
असं शिरीष म्हणतो, आणि त्याचा उजवा खांदा
अनुमोदन देतो.

सोसायटीत तिला परात म्हणतात.
पार्किंगच्या भिंतीला टेकून ती उभी असते.
तिच्या आडोशाला कुणाचं तरी मांजर दरवर्षी वितं
आणि सेक्रेटरी दरवर्षी पत्र देतात,
मांजराबद्दल वेगळं, परातीबद्दल वेगळं.

पूर्वी दोघं उचलायचो.
तो पुढून, मी मागून,
एक, दोन, आणि तिनाच्या आधीच तो उचलायचा.
पंचवीस वर्षं तिनाच्या आधी.

आता मी एकटी चढवते. युक्ती आहे.
टपाच्या मागच्या कडेवर जुनं पायपुसणं,
त्यावर तिचं नाक,
मग शेपटीकडून उचलायचं आणि ढकलत राहायचं.
निम्मं वजन गाडी घेते.
निम्मं कुणीतरी घेतलं की पुष्कळ झालं.
पायपुसण्यावर सुस्वागतम् लिहिलंय.

दोऱ्या तो बांधतो, तो मान त्याचा.
दोन आडव्या, एक नाकाला,
शेपटीला लाल फडकं, माझ्या जुन्या परकराचं
(पोलिसानं विचारलं तर एवढं सांगू नकोस).
प्रत्येक दोरीला तो मध्ये एक पीळ देतो,
नाहीतर वाऱ्यात घोंगावते.
पीळ देऊनही साठाच्या पुढं थोडी गुणगुणतेच.
आम्ही साठाच्या पुढं क्वचित जातो.

तिचं नाक काचेवर इतकं पुढं येतं
की मला सिग्नल दिसत नाही.
कर्वे रस्ता दिसतो, मडगार्डं दिसतात,
पुढच्या स्कूटरवरचं स्कार्फात गुंडाळलेलं डोकं दिसतं,
वरचं लाल-हिरवं काही नाही.
ते शिरीष बघतो, डॅशबोर्डवर हनुवटी टेकून.
"सुटला," म्हणतो.
मी क्लच सोडते.

राजाराम पुलाशी एकानं काच खाली करून विचारलं,
"काकू, पूर येणारे का?"
म्हटलं, येणारे. सीटचे तीनशे.
सुटला.

खडकवासल्याला कणसं, भजी, हॉर्न,
बाळांना धरण दाखवणारे बाप.
खानापूरनंतर रस्ता आमचा.
मागं तंबू, स्टोव्ह, कांदे,
आणि डोक्यावर पालथी घातलेली ही,
पाणी भेटेपर्यंत नुसतं सामान.

एकदा मी हिशोब मांडला होता.
रस्त्यावर नऊ हजार किलोमीटर,
पाण्यावर चाळीसही नसतील.
तेव्हा वल्ही तो मारायचा.
म्हणाला, मला जास्त वाटतात.

वरसगावला चिखल सुरू होतो तिथं तिला सुलटी केली.
पहाटे मी वल्ह्यांशी बसले,
तो काठावर, पँट गुडघ्यापर्यंत,
बरा खांदा लावून ढकलताना
सवयीनं म्हणाला, "सुटला."
समोर लांबवर कुठंच काही लाल नव्हतं.
मग तोही आत चढला, धडपडत,
आणि परातीनं दोघांना जरासं हिंदकळून
मोजून घेतलं.

रविवारी संध्याकाळी नळ स्टॉपला ब्रेक जोरात लागला
तर तिच्या काठाच्या दुमडीत लपून आलेलं पाणी
काचेवर आलं, तांब्याभर,
शेवाळाच्या एका धाग्यासकट.
"हेच उद्या नळाला येणार," शिरीष म्हणाला.
"आपण आधी आणलं."

वायपर मी लावला नाही.
धागा हळूहळू खाली सरकत होता,
आम्ही दोघं बघत होतो.
मागचे हॉर्न वाजवायला लागले,
बराच वेळ वाजवत होते.
सिग्नलकडे बघायचं
तो विसरला होता.