इतर असल्यास लिहा

सोहारच्या बंदरामागे, ज्या कँपात
उन्हासाठी खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली असतात,
तिथे शुक्रवारी सकाळी गेले चाळीस फॉर्म घेऊन.
प्रश्न एकच, तीन भाषांत:
यंत्र एक, रोगी दोन. आधी कोण?
खाली चौकोन. वयाने लहान.
जगण्याची शक्यता जास्त. पोसायची तोंडं जास्त.
आधी नाव नोंदवलेला.
आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात,
इतर असल्यास लिहा.

सिस्टर बदरिया म्हणाली होती,
एकदा लोकांनाच विचारू या.
नाहीतर आपणच ठरवत बसतो रात्री अडीचला,
चार डायलिसिसची यंत्रं अन् नऊ नावं समोर धरून,
आणि सकाळी कोणाच्याच डोळ्यांत बघत नाही.

भिवा सुतार, वेल्डर, गडहिंग्लजचा.
पेन धरून म्हणाला, "बाई, त्या दोघांची नावं काय?"
नावं नाहीत, हा नुसता प्रश्न आहे.
"मग कसं सांगू? गावचे तरी कुठले?"
बराच वेळ टोपण चावलं
आणि फॉर्म परत दिला, घडी न मोडता.

इलियास परकार म्हणाला, चिठ्ठ्या टाका.
आज वय काढाल, उद्या पगार काढाल,
परवा पासपोर्ट.
चिठ्ठीला आंधळं राहता येतं.

मोफिजुलने चारही चौकोनांत खुणा केल्या.
एकच करायची रे, म्हटलं.
हसला. आपा, चारही खरं आहे.

मेसमधला मोइदू पातेलं घासत होता,
त्याने कागद हातातही घेतला नाही.
रोज एक ताट झाकून ठेवतो, म्हणाला,
कोणासाठी ते मला ठाऊक नसतं.
क्रेन अडकते, बस चुकते, कोणीतरी उशिरा येतंच.
भात कमी पडला तर सगळ्यांच्यात चमचाभर कमी,
पण ते ताट आधी निघतं.
हे कुठल्या चौकोनात लिहू?
ते तुमचं काम, म्हणाला, आणि नळ सोडला.

संध्याकाळी दोन नंबरच्या यंत्रावर अबू सालेम,
डोंगराकडच्या गावचा, खजुराच्या बागेचा मालक.
फॉर्म उलटा धरून विचारलं, तुमच्याकडे फलज असतो?
पाट असतो, म्हटलं. आंबोलीच्या पायथ्याशी,
पोफळीच्या बागांत पाणी पाळीने येतं.
तो खुलला. आमच्यात आधी पिण्याचं, मग मशिदीचं,
मग बागा, ज्याच्या त्याच्या वाट्याने,
काठीची सावली मोजून.
आणि पाणी आटलं त्या वर्षी?
सावली तीच राहिली, म्हणाला.
सगळ्यांची झाडं थोडी थोडी वाळली.
यंत्र गुणगुणत राहिलं. त्याचं रक्त नळीतून
बाहेर जाऊन परत येत होतं.
मग हळूच, दाराकडे बघून:
मी इथे खूण केली, तर माझी पाळी जाईल का?

नाही, म्हटलं.
मला खरंच माहीत नव्हतं.

आणि काका आठवले. दिवसभर पंचायतीत
पाळीचा कायदा सांगणारे काका,
त्या एका उन्हाळ्यात मध्यरात्री बांधावर,
शेजाऱ्याच्या पाटाला चिखलाचं बूच मारताना.
आमची पोफळ जगली.
कंदील माझ्या हातात होता.

चाळीसांतले एकतीस भरून आले.
सिस्टरने बेरीज केली, पुन्हा केली,
मोफिजुलच्या कागदापाशी अडली
आणि तो वेगळा काढून ठेवला, झाकल्यासारखा.
माझ्या नावचा फॉर्म कप्प्यात आहे.
इतर, एवढ्यापुढे एक टिंब आहे, पेन टेकल्याचं.

अडीचला फोन वाजला. दहावं नाव.
वय विचारलं, रिपोर्ट विचारले,
पोटॅशियम किती ते दोनदा विचारून लिहून घेतलं.
आणि फोन ठेवता ठेवता
गाव विचारलं.